आमच्या वसाहतीतले एकोणीस माड

बाबा भोपाळला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांच्याबरोबर एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि एक झाड होतं. ट्रंक आणि वळकटीबद्दल घरात कधी कुणी अवाक्षर काढलं नाही. झाडाबद्दल मात्र इतकं बोललं जायचं की लहानपणी मला ते आमच्यातलंच कुणीतरी, माझ्या आधी जन्मलेलं भावंड वाटायचं. बाबा सावंतवाडीच्याही खालचे, पार सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या गावातले. कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळाल्यावर त्यांनी अंगणात तुळशीच्याही आधी हे झाड लावलं. बुटकं, खरबरीत खोड आणि वर नारळाच्या झावळ्यांसारखी, पण त्यांहून कडक आणि चकचकीत पानं. बाबा त्याला माड म्हणायचे म्हणून आम्हीही माड म्हणायचो. शेजारचे तिवारीजी खजूर म्हणायचे. ते माडही नाही आणि खजूरही नाही, हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे कुणाचं काही अडलंही नव्हतं.

आई उज्जैनची. तिचं सगळं कुटुंब चार पिढ्या तिकडचं, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मी हिंदी होती आणि तिच्या पोह्यांवर शेव आणि माळव्यातला जिरावण मसाला असायचा. बाबांना पोह्यांवर खोबरं लागायचं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की स्वयंपाकघरात रोज हाच वाद, रोज त्याच वाक्यांत, आणि दुसरा भोंगा होईपर्यंत बाबा शेव घातलेले पोहे संपवून सायकलवर टांग टाकत. गणपतीत तर विचारू नका. भोपाळात तेव्हा चांगला नारळ मिळायची मारामार, म्हणून आई सुक्या खोबऱ्याचं सारण करायची. बाबा पहिला मोदक तोंडात टाकून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘‘छान आहे. मोदक नाही, पण छान आहे.’’ आई म्हणायची, ‘‘तुमचं कोकण तिकडेच सोडून यायचं होतं ना.’’ ते त्यांनी सोडलेलं नव्हतं, ते अंगणात उभं होतं.

वसाहतीतल्या मराठी मंडळाचा गणपती म्हणजे बाबांचा गणपती. मूर्ती, आरत्या, वर्गणी हे सगळं अध्यक्ष काळेकाका बघायचे; मखर मात्र बाबांचं. माडाच्या पानाचा गुण असा की ते कापलं तरी दहा-दहा दिवस हिरवंगार राहतं. भाद्रपदातल्या भोपाळच्या उकाड्यातही मलूल होत नाही. हरतालिकेच्या सकाळी बाबा खाकी हाफपँट घालून, कोयता परजून अंगणात उतरायचे आणि झाडाचा अक्षरशः गोटा करायचे. एकही पान ठेवायचे नाहीत. पानं कापून झाली की खोडाला हात लावून नमस्कार करायचे, कारण ती देवासाठी होती. मग सायकलला भारा बांधून मंडळाच्या हॉलवर. संध्याकाळी पडदा बाजूला झाला की पानांच्या त्या हिरव्या कमानीखाली बसलेला गणपती बघून बायका ‘‘अगं बाई!’’ म्हणायच्या, आणि बाबा मागे खांबाला टेकून, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून उभे राहायचे.

खोडाच्या बुडाशी त्या झाडाला दरवर्षी पिल्लं फुटायची. ज्याने मागितलं त्याला बाबांनी ती खणून दिली, कशी लावायची ते स्वतः जाऊन दाखवलं, आणि ते जगलं की मखराला हक्काने त्याचीही पानं मागितली. असं करत करत मी कॉलेजात गेले तोवर वसाहतीत एकोणीस अंगणांत एकोणीस माड झाले होते. त्यांचाही दर हरतालिकेला गोटा व्हायचा.

कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायला दिघे मॅडम होत्या. ग्वाल्हेरच्या, सडसडीत, बोलायला फटकळ. त्यांनी प्रत्येकीला एक काम दिलं: आपल्या घराजवळची एखादी दुर्मिळ वनस्पती शोधा आणि ती किती आहे, कशी आहे, ते लिहून आणा. त्यासाठी वाचनालयात धोक्यात आलेल्या वनस्पतींची यादी चाळताना एका चित्रावर माझं बोट थांबलं. तो आमचा माड होता. नाव सायकस. सह्याद्रीच्या जंगलातली जात, पृथ्वीवर फुलं आणि पक्षी यायच्याही आधीपासूनचं घराणं, आणि नावापुढे शेरा: संकटग्रस्त. कारणंही दिली होती. जंगल तुटणं, झाडं खणून नेणं, औषधासाठी नराचे शंकू तोडणं, सजावटीसाठी पानं ओरबाडणं. खरं सांगते, ती कारणं मी वाचली, पण ती दुसऱ्या कुणाबद्दलची आहेत अशा थाटात वाचली. मला झाला तो नुसता आनंद. एखादा नातेवाईक पेपरात झळकावा तसं वाटलं. मी सायकल काढून वसाहतभर फिरले, अंगणं मोजली आणि अहवाल लिहिला: एकूण झाडं एकोणीस, सर्व सुदृढ, काळजीचं कारण नाही.

दिघे मॅडमनी तो उभ्या उभ्या वाचला. ‘‘नर किती, मादी किती?’’

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. सायकसमध्ये नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. नराला भल्यामोठ्या कणसासारखा शंकू येतो, त्यात पराग असतात. मादीच्या शेंड्याला लोकरीसारख्या केसाळ पानांचा गुच्छ येतो आणि त्याच्या कडांना बिया धरतात. तोवर कोणतं झाड काय आहे, हे झाडाखेरीज कुणाला ठाऊक नसतं.

‘‘आमच्या झाडाला असलं काही कधी आलंच नाही,’’ मी म्हटलं.

‘‘येईल कसं? दरसाल डोकं भादरून राहिलात त्याचं. सगळी ताकद पानं काढण्यात जाते बिचाऱ्याची. आणि ही एकोणीस झाडं आली कुठून?’’

मी अभिमानाने सांगितलं की सगळी आमच्याच झाडाची पिल्लं आहेत.

मॅडम हसल्या. वाईट हेतूने नव्हत्या हसल्या, पण मला ते लागलं. ‘‘अगं, मग एकोणीस कुठे? एकच झाड एकोणीस अंगणांत उभं आहे. एकाला कीड लागली की सगळ्यांना लागणार. एक मादी असेल तर सगळ्या माद्या. बी धरलं आणि रुजलं, तरच तुमच्याकडे दुसरं झाड आलं म्हणायचं.’’ आणि त्यांनी माझ्या अहवालातला एकोणीसचा आकडा खोडून तिथे एक लिहिला.

तो आकडा घेऊन मी घरी आले. आज, इतक्या वर्षांनी, भोपाळातच कोलार रोडवरच्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीतून खालच्या फाटकाशी बिल्डरने लावलेले दोन जपानी सायकस दिसतात. नर्सरीत पैशाला पासरी मिळतात ते. माझी भाची म्हणते, ‘‘मावशी, ये तो हर जगह हैं, धोका कसला?’’ तिला मी समजावत बसते की हे वेगळं आणि ते वेगळं, आणि जे सगळीकडे दिसतं ते उरलेलंच असतं असं नाही. ती ‘‘हाँ हाँ’’ म्हणते. मीही तिच्या वयात मोजूनच आले होते, त्यामुळे मला तिच्यावर रागावता येत नाही.

त्या संध्याकाळी बाबांना सांगायला मी जेवणाची वेळ निवडली. आमसुलाच्या साराची वाटी त्यांच्या हातात होती. या वर्षी आपल्या झाडाची पानं कापू नका, एवढंच माझं म्हणणं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

‘‘बाय, ती पानं देवाची आहेत.’’

‘‘बी आल्याशिवाय ते झाड एकटंच राहणार, बाबा. तुम्ही कितीही पिल्लं वाटलीत तरी.’’

‘‘एकटं कसं? वसाहतभर आहे.’’

मी मॅडमचं वाक्य त्यांना सांगितलं. एकच झाड एकोणीस अंगणांत उभं आहे. आई म्हणाली, ‘‘एक साल नाही कापलं तर गणपती काही रुसणार नाही. पोरगी शिकून राहिली आहे, तिचं ऐका.’’ बाबा हात धुवायला उठले. त्या हरतालिकेला त्यांनी बाकीच्या अठरा झाडांची पानं आणली, आपलं झाड सोडलं. पण सगळ्यात मोठी पानं आमच्याच झाडाची असायची, कमान त्यांचीच व्हायची. कमानीला त्यांच्याऐवजी अशोकाची पानं लावली, ती तिसऱ्या दिवशी तपकिरी पडली. काळेकाका सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘काय नाईक, लेकीच्या कॉलेजापायी देवाला पाचोळा?’’ बाबा हसले. त्यांनी माझ्यासाठी काय सोडलं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि मी मनातल्या मनात त्या झाडाला धमकावलं की आता काहीतरी करून दाखव.

होळीनंतर शेंड्यातून पिवळट, मऊ, लोकरीसारखं काहीतरी वर आलं. बाबांनीच पहिल्यांदा पाहिलं. पहाटे चहाच्या आधी मला उठवून अंगणात नेलं आणि हात न लावता नुसतं बोटाने दाखवलं. दिघे मॅडम रिक्षा करून आल्या, स्टुलावर चढल्या, भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘मादी.’’ आईने त्यांना हळदीकुंकू लावलं. वर झाडालाही लावलं.

पण आता पराग हवे होते, आणि तेही थोड्या दिवसांत. सगळी वसाहत मादीच होती. मॅडमना एकच उपाय सुचला. नराच्या शंकूचे वाळलेले खवले जडीबुटीच्या दुकानांत मदनमस्त या नावाने विकतात. तसल्या पोत्याच्या तळाशी परागाची धूळ मिळाली तर मिळाली. ‘‘बहुतेक मेलेली असेल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण नसण्यापेक्षा बरी.’’ मदनमस्त कशासाठी खातात ते त्यांनी सांगितलं नाही. बाबांना ते ठाऊक असावं, कारण चौकातल्या त्या दुकानापाशी पोचल्यावर त्यांनी मला चार पावलं मागेच उभं केलं.

दुकानदार पांढऱ्या दाढीचे, मोठे अदबशीर गृहस्थ होते. बाबांनी खाली वाकून नाव सांगितलं.

‘‘किसके लिए चाहिए, जनाब?’’

‘‘पेड़ के लिए,’’ बाबा म्हणाले.

दुकानदारांनी चष्मा वर केला. ‘‘शरमाने की बात नहीं। उम्र क्या है?’’

‘‘होंगे कोई पच्चीस साल।’’

‘‘इस उम्र में?’’

बाबा कानापर्यंत लाल झाले. शेवटी मीच पुढे झाले आणि सगळं सांगितलं. ते गृहस्थ इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग उठून त्यांनी मागच्या फळीवरून एक लहानशी कापडी पिशवी काढली. ‘‘बेटी, पहले ये माल बोरियों में आता था। शंकू इत्ते बड़े,’’ त्यांनी हात कोपरापर्यंत दाखवला. ‘‘अब साल में ये एक थैली। लाने वाला कहता है, जंगल में ढूँढ़े नहीं मिलता।’’ त्यांनी खवले कागदावर ओतले, पिशवी उलटी करून झटकली, आणि चिमूटभर पिवळी धूळ माझ्या डबीत पडली. बाबा त्या कागदाकडे बघत राहिले. दुकानाबाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘म्हणजे हे शंकू आमच्या तिकडच्याच रानातनं येतात.’’ मी हो म्हटलं. मला तेव्हा डबी सांडू नये याचीच काळजी होती.

ती धूळ मॅडमनी रंगाच्या ब्रशने झाडाला लावली. आणि वैशाखात त्या केसाळ पानांच्या कडांना गोल, गुळगुळीत, हिरव्या गाठी फुगू लागल्या. ज्येष्ठात त्या सुपारीएवढ्या झाल्या, आषाढात लिंबाएवढ्या. बाबा कामावरून आले की आधी झाडापाशी जायचे, मग चप्पल काढायचे. मॅडमनी मला बजावून ठेवलं होतं की या जातीत पराग न लागताही बिया फुगतात, फुगण्यावर जाऊ नकोस, पिकल्यावर पाण्यात टाकून बघायचं. भरलेली बुडते, पोकळ तरंगते. हे मी बाबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. रोज उद्या सांगू म्हणत राहिले, कारण त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मलाही ते खरंच व्हायला हवं होतं. या वयात कबूल करायला हरकत नाही, की तो माझा भित्रेपणा होता.

गणपती आले. मखर पुन्हा अठरा झाडांचंच झालं, पण या खेपेला कुणाची टोमणा मारायची छाती झाली नाही. पहिल्याच दिवशी आरतीनंतर बाबांनी माइक हातात घेतला. जन्मात पहिल्यांदा. अनंत चतुर्दशीला प्रसाद म्हणून या झाडाच्या बिया वाटू, ज्यांना हव्या त्यांनी नावं द्या, असं त्यांनी जाहीर केलं. नावांचा कागद भरला. काळेकाकांचं नाव सगळ्यात वर होतं. तो कागद घरी आला तेव्हा माझी जीभ सुटली. मी बाबांना सगळं सांगितलं, मला हे श्रावणाच्याही आधीपासून माहीत होतं हेसुद्धा.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ‘‘मग बघूया,’’ एवढंच म्हणाले. चतुर्दशीच्या आदल्या दुपारी मॅडमना विचारून आम्ही पिवळ्या पडलेल्या बिया काढल्या. आईने हाताला फडकं गुंडाळून त्यांची साल सोलली, कारण त्या विषारी असतात. अंगणात पाण्याने भरलेली बादली ठेवली. बाबा पाटावर बसले आणि मोदक चाळणीत ठेवावा तशी पहिली बी अलगद पाण्यात सोडली. ती बुडाली, आणि लगेच वर आली. त्यांनी ती बोटाने खाली दाबली. बोट काढल्यावर पुन्हा वर. दुसरी तशीच. पाचवी, दहावी. मी बादलीकडे बघायचं सोडून बाबांच्या हाताकडे बघत होते. तो हात अजिबात घाई करत नव्हता, प्रत्येक बीला तेवढाच वेळ देत होता. शेवटी बादलीचा तळ दिसेना, इतक्या बिया वर जमल्या.

‘‘इकडचं पाणी जड आहे,’’ आई म्हणाली. ‘‘डाळसुद्धा शिजत नाही.’’

बाबांनी तिच्याकडे फार मायेने पाहिलं. मग एक बी उचलून पुसली आणि मला म्हणाले, ‘‘गावी डोंगरात एका ओहोळाच्या काठी अशी दहा-बारा झाडं होती. नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी वर गेलो आणि त्यातलं सगळ्यात चांगलं बघून खणून काढलं. सोबत काहीतरी आपलं हवं म्हणून. त्यांत नर असणारच, नाही का?’’

मी म्हटलं, ‘‘असणार.’’

‘‘तिथेच राहिलं असतं तर एव्हाना त्याच्या बुडाशी रानभर रोपं असती.’’

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला रडू आलं. ते रडले नाहीत. त्यांनी बादली झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या आरतीला हॉल गच्च भरला होता. घरोघरच्या बायका बिया न्यायला वाट्या घेऊन आल्या होत्या. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माइक घेऊन ते म्हणाले, ‘‘बी पोकळ निघालं. वाटायला काही नाही, माफी असावी. दुसरं असं, की आपल्याकडे ही झाडं एकोणीस दिसतात पण ते एकच आहे, आणि ते जंगलातून उपटून मी आणलं. ही जात संपत चालली आहे. कुणामुळे म्हणून विचाराल तर माझ्यासारख्या माणसांमुळे. दरसाल पानं मीच कापली, तुम्हालाही कापायला लावली. इथून पुढे कुणी एक पान तोडू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.’’

वाट्या घेतलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. मग काळेकाका उठले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरच अडचण होती.

‘‘ते ठीक आहे, नाईक. पण मग पुढच्या वर्षी मखराला लावायचं काय?’’

बाबांनी मूर्तीकडे पाहिलं, तिच्यावरच्या कापलेल्या पानांकडे पाहिलं.

‘‘काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘देव तसाच बसेल.’’

पुढच्या वर्षी तो तसाच बसला, मागे हॉलची पोपडे आलेली पिवळी भिंत. बाबा नेहमीसारखे मागच्या खांबाला टेकून उभे होते, आणि त्या वर्षी बायका मूर्तीकडे बघून झाल्यावर मागे वळून त्यांच्याकडे बघत होत्या.